पहिल्या पानावरची शिट्टी

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे बत्तीशी म्हणायचे. दुकानाच्या पाटीवर नाव वेगळं होतं, पण ते फार तर वीजबिलवाल्याला ठाऊक. दातांच्या डॉक्टरांची एक गल्ली होती आणि तिच्या मागच्या बोळात, जिन्याखाली, त्याची खोली. पुढे गिऱ्हाइकांसाठी बाक, आत कामाचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी पावडरीची बरणी आणि घासायचं मशीन. ती पावडर ज्या द्रवात कालवतात त्याचा उग्र वास खोलीत कायम असायचा. तो त्याच्या शर्टाला यायचा, टॉवेलला यायचा आणि बायकोचं म्हणणं खरं मानलं तर त्याच्या घोरण्यालाही यायचा.

हात सोन्याचे. कवळी नुसती उलटीपालटी करून तो सांगायचा, हा माणूस डाव्या बाजूनेच चावतो, किंवा ही बाई झोपताना कवळी काढत नाही. खोट एकच, जिभेला हाड नव्हतं. घरी ताटावर बसला की दिवसभरातले किस्से सुरू. कुणाची कवळी शिंकेबरोबर समोरच्याच्या कपात पडली, कुणाची कुत्र्याने पळवली आणि तीच धुऊन पुन्हा तोंडात गेली. चेहरे करून, आवाज काढून सांगायचा. बायको म्हणायची, "यांच्या हातात लोकांचे दात आणि जिभेवर लोकांच्या भानगडी." म्हणायची आणि हसायचीही.

वर्षानुवर्षं त्याला काम डॉक्टरांकडून यायचं. मग शहरात मोठी लॅब निघाली. तिथे मशीनवर दात तयार व्हायचे आणि लॅबचा माणूस दारात येऊन माप घेऊन जायचा. एकेक डॉक्टर तिकडे वळला. कुणी भांडलं नाही, कुणी सांगितलंही नाही. काम यायचं थांबलं, एवढंच. बत्तीशीने ठरवलं, आपण आता थेट लोकांच्या तुटलेल्या कवळ्या दुरुस्त करायच्या. पण जिन्याखालची खोली कुणाला दिसणार? बाकावर बोळातली मांजर येऊन झोपायला लागली.

सून एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिने घरबसल्या वेबसाईट बनवली. साईट छान दिसत होती, पण नेटवर 'कवळी दुरुस्ती' असं शोधलं की ती चौथ्या पानावर यायची.

"चौथ्या पानावर कोण जातं?" बत्तीशीने विचारलं.

"कुणी नाही, बाबा. मी पण जात नाही."

साईट वर आणून देणारी एक कंपनी तिने गाठली. त्यांचा महिन्याचा आकडा ऐकून बत्तीशीची दातखीळ बसली. शेवटी सून म्हणाली, "राहू दे. आपणच करू. वेळ जाईल, पैसा जाणार नाही." तिने फुकटचे व्हिडिओ बघितले आणि कामाला लागली. आधी नकाशावर दुकानाची नोंद केली. पत्ता, फोन, वेळ सगळीकडे अक्षर न बदलता एकसारखं लिहिलं. साईटवरचे फोटो इतके जड होते की पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जाईल. ते हलके केले. जिना कुठून, बोळ कुठला, याचा फोटो टाकला. दोन जुन्या डॉक्टरांना जाऊन भेटली आणि त्यांच्या साईटवर 'कवळी तुटल्यास इथे जा' अशी ओळ घालून घेतली. त्यांना बत्तीशीला काम देता येत नव्हतं, पण ओळ द्यायला काय जातं? शरमेपोटी असेल, दोघांनी दिली.

साईट तिसऱ्या पानावर आली. तिथे रुतली.

"आता लिहायला लागेल," सून म्हणाली. "लोक जे प्रश्न विचारतात, त्या एकेका प्रश्नाचं एकेक पान. तुम्ही सांगा, मी टाईप करते."

बत्तीशीने सांगितलं. कवळी कशी धुवावी, कशात ठेवावी. सुनेने टाईप केलं आणि जांभई दिली. "बाबा, हे सगळ्यांच्या साईटवर आहे. तुम्ही जेवताना सांगता ना, तसं सांगा."

हे ऐकून बत्तीशीची कळी खुलली. आयुष्यभर जे केलं म्हणून बायकोची बोलणी खाल्ली, तेच आता धंद्याला उपयोगी पडणार होतं. त्याने कुत्र्याचा किस्सा सांगितला, शिंकेचा सांगितला. पानं वाचली जायला लागली. मग सून म्हणाली, "नवी कवळी घातली की 'स' म्हणताना शिट्टी वाजते, असं पुष्कळ लोक शोधतात. त्यावर आहे काही?"

होतं.

बसस्थानकावर जे अनाउन्सर होते त्यांचा आवाज साऱ्या शहराच्या ओळखीचा होता. भरदार, स्वच्छ, गाडी उशिरा येतेय हेसुद्धा त्यांनी सांगितलं की बरं वाटायचं. तरुणपणी सायकलवरून पडून त्यांचे वरचे सगळे दात गेले होते आणि तेव्हापासून कवळी होती. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. एकदा काम चालू असताना ती कवळी मधोमध तडकली. माईकसमोर 'सात नंबरच्या फलाटावरची सव्वासातची सुपरफास्ट' म्हणताना प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी निघाली. ते पोटदुखीचं निमित्त सांगून उठले आणि तोंडाला रुमाल लावून बत्तीशीच्या बोळात आले. कवळी काढून दिली तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. बत्तीशीने तडा जोडला, टाळूकडचा भाग भरून सारखा केला, पुन्हा पुन्हा घालायला लावून त्यांच्याकडून 'सात, सहा, सुटणार' म्हणवून घेतलं. शिट्टी गेली.

जाताना ते म्हणाले होते, "हे इथंच राहू दे."

"अहो, आमचा धंदाच तोंडाचा," बत्तीशी म्हणाला होता. "तोंड बंद ठेवायला शिकल्याशिवाय करताच येत नाही."

हा किस्सा त्याने सुनेला सांगितला. नाव घेतलं नाही. 'ज्यांचा आवाज रोज हजारो प्रवासी ऐकतात असे आमचे एक गिऱ्हाईक' एवढंच म्हणाला आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली, की बघ, नाव गाळलं. सात नंबर सांगितला, सव्वासात सांगितलं, 'स'च्या शिट्ट्या तोंडाने वाजवून दाखवल्या. सून हसून हसून बेजार झाली. तिला हसताना बघून त्याला चेव आला आणि शेवटी त्याने पदरचं एक वाक्य जोडलं: 'शिट्टी ऐकून ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच वाजवली, आणि त्याने गाडी सोडली की हो!'

त्याखाली शिट्टी का वाजते, कवळीचा कुठला भाग भरावा लागतो, ते नीट समजावलं होतं. माहिती खरी होती, किस्सा रंगतदार होता. लोकांनी ते पान एकमेकांना पाठवलं. महिना-दोन महिन्यांत साईट पहिल्या पानावर आली आणि मग पहिल्या पानावर सगळ्यांत वर. बाकावर माणसं बसायला लागली. मांजर जिन्यावर राहायला गेली.

मग बत्तीशीची थोरली बहीण गावाहून यायची होती, म्हणून तो तिला आणायला बसस्थानकावर गेला. गाडीला वेळ होता. तो बाकावर टेकला. वरच्या भोंग्यातून घोषणा झाली, ती एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात. सपाट, एकेक शब्द तोडून जोडल्यासारखी. त्याला वाटलं, अनाउन्सर रजेवर असतील.

तेवढ्यात पलीकडे उभ्या असलेल्या दोन कंडक्टरांपैकी एकाने बारीक शिट्टी मारली आणि दुसरा म्हणाला, "ऐकलंत का, सव्वासातची सुटली!" दोघं खिदळले. बत्तीशीच्या शेजारी बसलेला प्रवासीही हसला. त्याने न विचारताच सांगितलं, "तुम्हाला माहीत नाही? इथल्या अनाउन्सरची गंमत आहे. थांबा, दाखवतो." त्याने मोबाईल पुढे केला.

बत्तीशीने स्वतःचंच पान वाचलं. दुसऱ्याच्या हातात धरलेलं, दुसऱ्याच्या अंगठ्याने वर सरकणारं. सगळ्यांत वर त्याच्या दुकानाचं नाव.

"भारी लिहिलंय ना?" प्रवासी म्हणाला.

"हो," बत्तीशी म्हणाला. नंतर त्याला सगळ्यांत जास्त हेच टोचलं, की आपण 'हो' म्हणालो. "मग ते... आता कुठे असतात?"

"माईकवर नाहीत. पोरं रोज शिट्ट्या मारायला लागली म्हणे. शिवाय साहेबांनी चौकशी लावली, की तुमच्यामुळे खरंच गाडी सुटली होती का म्हणून. शेवटी त्यांनीच लिहून दिलं, मला दुसरीकडे टाका. आता हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसतात."

बहिणीची गाडी आली. ती उतरून समोर उभी राहिली तरी त्याला दिसली नाही. "अरे, असा काय बघतोयस? मी मेले की काय?" ती म्हणाली. त्याने बॅग उचलली आणि हरवलेल्या सामानाच्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून तिला मागच्या फाटकाने, चिखलातून, लांबच्या वाटेने बाहेर काढलं. बहीण रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होती.

इतकं कळल्यावर कुणालाही वाटेल, तो घरी आला आणि त्याने पान काढून टाकलं. तसं झालं नाही. बहीण परत गेल्यावर तो सुनेला चाचरत एवढंच म्हणाला, "ते शिट्टीचं पान जरा बदलू या का?"

"का?"

"असंच. जुनं झालं."

"बाबा, त्या पानावर सगळी साईट उभी आहे. आत्ता हात लावायचा नाही. बदललं तर खाली जाऊ."

तो लगेच "बरं" म्हणाला. नको तेवढं लगेच. सुनेने नको म्हटलं, आपण काय करणार, असं स्वतःला सांगायला त्याला सोय झाली. गिऱ्हाइकं यायची, बाकावर बसता बसता मोबाईल दाखवायची, "हे तुम्हीच का हो?" म्हणायची आणि शिट्टी वाजवायची. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. हसून झालं की मशीन सुरू करायचा, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येत नसे. ताटावरचे किस्से मात्र आपोआप बंद झाले. तो खाली मान घालून जेवायचा.

बायकोने काही दिवस बघितलं आणि एकदा ताट वाढतानाच विचारलं, "तो किस्सा अनाउन्सरांचा आहे ना?"

त्याचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी मी चहा घेऊन आले होते. 'इथंच राहू दे' म्हणाले ते, मी ऐकलंय. पान आलं तेव्हाच मला कळलं होतं." मग ती समोर बसली. "मी का बोलले नाही, माहितीय? बाकावर माणसं दिसायला लागली होती. म्हटलं, होईल सगळं नीट. तेव्हा तुम्हाला एकट्याला बोलायचं माझं तोंड नाही."

आत सून पोळ्यांचा डबा भरत होती. ती बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, तो माणूस खरा आहे? इथलाच आहे? मला वाटलं तुम्ही विचारून सांगताय. नाहीतर लांबचं कुणीतरी असेल."

"नाव कुठे घेतलं होतं?" बत्तीशी म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"सात नंबरचा फलाट घेतला होता!"

तिने उभ्या उभ्या मोबाईल उघडला. बत्तीशी म्हणाला, "आज राहू दे, आधी दुसरं काहीतरी लिहू, मग..." त्याचं बोलणं संपायच्या आत तिने पान काढून टाकलं होतं. त्याला हायसं वाटलं आणि त्याच वेळी मनात आलं, की आता गिऱ्हाईक कमी होणार. आपल्याला या घडीलाही तेच सुचतंय, हे कळून तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो बसस्थानकावर गेला. हरवलेल्या सामानाची खोली कोपऱ्यात होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर छत्र्या, पिशव्या, एक चाक तुटलेली बाबागाडी, एकेकट्या चपला. अनाउन्सर खिडकीशी बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं. आवाज तोच होता, फक्त खाली घेतलेला, समोरच्यापुरता.

बत्तीशीने वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून म्हटलं, "पान काढलं. काल काढलं. मी चुकलो."

"बरं."

"मला वाटलं नाव नाही घेतलं तर..."

"मी वाचलं ते," अनाउन्सर म्हणाले. "चांगलं लिहिलं होतं. टाळूचा भाग भरून घ्यावा वगैरे, बरोबर होतं. पण गाडी सुटली नव्हती."

"नाही."

"ते तुम्ही घातलंत."

"हो."

"त्याच्यासाठी मला दोनदा साहेबांपुढे उभं केलं. ड्रायव्हरलाही बोलावलं. तो बिचारा शपथा घेत होता." त्यांनी एक छत्री उचलून तिचा पट्टा उगाच नीट गुंडाळला. "लोक हसले त्याचं मी समजू शकतो. मीही हसलो असतो. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोसमोर मी कधी कवळी काढली नाही. न्हाणीघरात कडी लावून काढतो. तुमच्यासमोर काढली होती."

बत्तीशीच्या मागे एक बाई हरवलेली पिशवी विचारायला आली होती. अनाउन्सर म्हणाले, "जरा बाजूला होता का? यांना बघू दे." तो बाजूला झाला, थोडा वेळ थांबला, आणि त्यांनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही तेव्हा निघून आला.

पान काढलं तरी किस्सा गेला नव्हता. गमतीजमती छापणाऱ्या एका साईटने तो जसाच्या तसा उचलला होता, वर एक चित्रही टाकलं होतं. सुनेने त्यांना लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. शिट्टीबद्दल काही शोधलं की आता ती साईट वर दिसायची. बत्तीशी रोज शोधून बघायचा. आधी आपण कितवे आहोत ते बघायचा, आता ते पान अजून आहे का ते.

बत्तीशीची साईट घसरली ती दुसऱ्या पानाच्या तळाशी जाऊन थांबली. सून खचली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि या वेळी बत्तीशीने साध्या गोष्टी सांगितल्या: कवळी तुटली तर घरच्या घरी झटपट गोंदाने चिकटवू नका, मग ती सांध्यात नीट बसत नाही, सगळे तुकडे, अगदी बारीकही, ओल्या कापडात घेऊन या, थांबून काम करून देतो. कुणाचं काही नाही, कुणाचा चेहरा नाही. त्या पानांना वर चढायला बराच काळ लागला. पहिला नंबर काही आला नाही, पण पहिल्या पानाच्या शेवटी जागा मिळाली आणि तिथे ती टिकली. घर चालेल एवढी माणसं यायची. एखादा अजूनही म्हणायचा, "तो शिट्टीवाला किस्सा कुठे गेला हो?" बत्तीशी म्हणायचा, "तो खोटा होता," आणि कामाला लागायचा. हे अर्धंच खरं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं.

अशातच एका दुपारी एक बाई आल्या. बाकावर बसल्या नाहीत. पिशवीतून डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. बत्तीशीने झाकण उघडलं आणि आतली कवळी बघताच ती कुणाची ते ओळखलं; तडा जोडलेली रेघ त्याच्याच हातची होती. तिच्या शेजारी नवा तडा गेला होता.

"मी त्यांची बायको," बाई म्हणाल्या. "ते येणार नाहीत. दोन ठिकाणी दाखवलं. एकाने घासून घासून सैल केली, दुसऱ्याने नवी करून दिली ती टोचते. जेवण जात नाही त्यांना. त्यांना सांगितलंय, माझ्या माहेरच्या गावी एक जण आहे, त्याच्याकडे पाठवते. तुम्ही केलीत हे मी त्यांना सांगणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही. कुणालाच. जमेल?"

शेवटचा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला.

"जमेल," बत्तीशी म्हणाला. मग धंद्याच्या सवयीने विचारलं, "बोलताना कुठला शब्द अडतो का? 'स' कसा येतो? त्यावरून किती भरायचं ते..."

"आता फारसं बोलतच नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही अंदाजाने करा."

त्याने दार लोटून घेतलं. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी घेतलेला अनाउन्सरांच्या वरच्या जबड्याचा साचा त्याने टाकला नव्हता. तो काढला, पुसला. तडा कोरून भरला, सैल झालेली कड पुन्हा उभी केली. टाळूकडचा भाग भरताना त्याचा हात कितीतरी वेळ थांबला. माणूस समोर असता तर म्हटलं असतं, सात म्हणा, सहा म्हणा. त्याने स्वतःच्याच तोंडाने, हळू, पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, आपली जीभ कुठे टेकते ते पाहिलं, आणि त्यावरून घासलं. बाई बाहेर जिन्यापाशी उभ्याच होत्या. त्यांना आत बसा म्हणायचा त्याला धीर झाला नाही.

काम झाल्यावर त्याने डबी पुढे केली आणि पैसे नकोत म्हणून हात हलवला. बाईंनी नोटा साच्याखाली सरकवल्या.

"उपकार नकोत," त्या म्हणाल्या, आणि बोळातून निघून गेल्या.

त्याने टेबल पुसलं, भुकटी झटकली. घरी ताटावर बायकोने विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?" तो म्हणाला, "नेहमीचेच." कवळी बसली की नाही, टोचते की काय, 'स' नीट येतो का, हे त्याला पुढे कधीच कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.